कोडचे रंग आणि मोकळी जागा : संगणकाची कृतिपत्रिका छापताना काय सांभाळावं?



राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या टप्प्यावर कोडिंगच्या कृती घ्याव्यात असं म्हटलं आहे. त्यामुळे आता आपल्यापैकी अनेकजण स्क्रॅच आणि पायथॉनच्या कृतिपत्रिका तयार करू लागले आहेत. आमच्या कबनूरसारख्या गावात मुलांच्या घरी मोबाइल असतो, पण संगणक क्वचितच. शाळेतल्या संगणकावरही पाळीपाळीने बसावं लागतं. म्हणजे मूल कोड पहिल्यांदा वाचतं ते झेरॉक्सच्या कागदावर. म्हणून त्या कागदावर कोड कसा दिसतो, हा नुसता सजावटीचा प्रश्न राहत नाही. कागद चुकला तर मुलाला वाटतं, "मलाच येत नाही."

या लेखात दोन गोष्टी बघू : कोडमधले रंग आणि कोडमधली मोकळी जागा. दोन्हींसाठी एकच नियम लक्षात ठेवला तरी पुष्कळ आहे. रंग ही मदत आहे, तो गेला तरी अर्थ कळला पाहिजे. जागा हाच अर्थ आहे, ती जाऊन चालणार नाही.

कोडला रंग का देतात?

व्याकरणाच्या तासाला आपण फळ्यावर वाक्य लिहितो. नाम लाल खडूने, क्रियापद निळ्या खडूने अधोरेखित करतो. वाक्य तेच राहतं, पण त्याचे भाग मुलांना चटकन वेगळे दिसतात. कोडला रंग देण्यामागे नेमकी हीच कल्पना आहे. भाषेचे ठरलेले शब्द एका रंगात, अवतरणचिन्हातला मजकूर दुसऱ्या रंगात आणि माणसासाठी लिहिलेली टीप तिसऱ्या रंगात. इंग्रजीत याला 'सिंटॅक्स हायलायटिंग' म्हणतात. आपण मुलांना सांगताना 'कोडचं व्याकरण रंगवणं' म्हणू शकतो.

ही कल्पना आपल्याला अगदी परकी नाही. जुन्या हस्तलिखित पोथ्यांत शब्द सलग लिहिलेले असत, दोन शब्दांत आजच्यासारखी जागा सोडलेली नसे. अशा मजकुरात वाचणाऱ्याला आधार मिळावा म्हणून दंड, अध्यायाची समाप्ती अशा खुणा काही पोथ्यांत हिंगुळाच्या लाल शाईने केलेल्या दिसतात. मजकूर काळा, खुणा लाल.

संगणकावर टाइप करतानाच रंग बदलणारा एक फार लवकरचा संपादक म्हणजे 'लेक्स'. आयबीएममधल्या माइक काउलिशॉ यांनी तो १९८५ साली तयार केला. गंमत म्हणजे तो प्रोग्रॅमरसाठी नव्हता, ऑक्सफर्ड इंग्रजी शब्दकोशाच्या कामासाठी होता. कोशातला मूळ शब्द, अर्थ, उदाहरण हे भाग वेगळे दिसावेत हा हेतू. म्हणजे रंगांचा उपयोग पहिल्यापासून वाचणाऱ्याच्या सोयीसाठी आहे.

आधी जागा : कारण तिथे चूक महागात पडते

मराठीत 'कावळा' आणि 'का वळा' यांत अक्षरं तीच आहेत, फरक फक्त जागेचा. पायथॉनमध्ये ओळीच्या सुरुवातीची जागा याहून महत्त्वाची आहे. खालचा छोटा कोड बघा. (इथे आदेश उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. संगणकावर टाइप करताना 'इफ', 'प्रिंट' हे शब्द आणि आकडे इंग्रजी अक्षरांत लिहायचे. 'गुण' हे नाव मात्र पायथॉनच्या आताच्या आवृत्तीत देवनागरीतही चालतं.)

    गुण = ३०
    इफ गुण >= ३५:
        प्रिंट("पास")
        प्रिंट("अभिनंदन")
    प्रिंट("निकाल संपला")

तीस गुण आहेत, त्यामुळे संगणक फक्त "निकाल संपला" छापतो. आता कागदावर चौथी ओळ डावीकडे सरकली असं समजा :

    गुण = ३०
    इफ गुण >= ३५:
        प्रिंट("पास")
    प्रिंट("अभिनंदन")
    प्रिंट("निकाल संपला")

आता तीस गुणांच्या मुलालाही "अभिनंदन" मिळतं! संगणक चूक दाखवत नाही, कारण त्याच्या दृष्टीने दोन्ही कोड बरोबरच आहेत. फक्त अर्थ बदलला. सगळ्याच ओळी डावीकडे चिकटल्या असत्या तर निदान चुकीचा संदेश तरी आला असता. एखादीच ओळ सरकते तेव्हा मात्र काहीच कळत नाही, आणि मूल कागद बघून, अक्षर अन् अक्षर जुळवून टाइप करत राहतं.

यंत्रमागावर काम करणाऱ्या पालकांना हे समजावून सांगायला वेळ लागत नाही. कापडाचं डिझाइन चौकटीच्या कागदावर काढतात. भरलेला चौकोन म्हणजे तिथे ताण्याचा धागा वर, रिकामा म्हणजे खाली. एक चौकोन बाजूला सरकला तर चित्र कागदावर जवळपास तसंच दिसतं, पण कापडावर दोष उमटतो. कोडमधल्या मोकळ्या जागेचंही तसंच आहे.

म्हणून छापताना पुढच्या गोष्टी सांभाळा :

१. सुरुवातीची जागा चार स्पेसची ठेवा. पायथॉनच्या लेखनशैलीच्या नियमावलीतही प्रत्येक पायरीला चार स्पेस सुचवल्या आहेत. एका कृतिपत्रिकेत कुठे टॅब, कुठे स्पेस असं करू नका. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाला ते वेगळे असतात आणि मिसळ झाली की पायथॉन अडतो.

२. सर्व अक्षरं सारख्या रुंदीची असलेला फॉन्ट वापरा. कुरियर न्यू, कन्सोलस, डेजाव्हू सॅन्स मोनो यांपैकी कोणताही चालेल. नेहमीच्या फॉन्टमध्ये स्पेस अगदी अरुंद असते, त्यामुळे चार स्पेस आणि आठ स्पेस यांतला फरक मुलांच्या डोळ्यांना जाणवत नाही.

३. ओळ किती लांब मावेल हे आधी मोजा. ए-फोर कागद २१० मिलिमीटर रुंद असतो. दोन्ही बाजूंना २५ मिलिमीटर समास सोडला की १६० मिलिमीटर उरतात. बारा पॉइंटच्या कुरियरमध्ये एका इंचात दहा अक्षरं बसतात, म्हणजे एका ओळीत साधारण ६३. ओळ क्रमांकासाठी थोडी जागा सोडली तर ५५ ते ५८ अक्षरांत ओळ संपवावी. नाहीतर ओळ आपोआप मोडते आणि तिचं शेपूट पुढच्या ओळीत डावीकडे येऊन बसतं. मुलाला ती नवीन ओळ वाटते.

४. दोन ओळींतलं अंतर वाढवा. इंग्रजी अक्षरांसाठी केलेलं अंतर देवनागरीला कमी पडतं. आपल्याकडे वर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार असतो. कोडमध्ये "अभिनंदन" किंवा "सूर्य" असा शब्द आला की वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीचा रफार एकमेकांत अडकतात. मी नेहमीच्या अंतराच्या सव्वा ते दीडपट अंतर ठेवते. सहावीच्या मुलांना बोट ठेवून वाचायलाही ते सोपं जातं.

५. कोडच्या आधी आणि नंतर जागा सोडा. प्रश्नाचं वाक्य कुठे संपलं आणि कोड कुठे सुरू झाला हे दिसलं पाहिजे. निदान अर्धी ओळ तरी मोकळी हवी. नाहीतर काही मुलं प्रश्नच टाइप करायला लागतात!

६. ओळ क्रमांक द्या, पण कोडपासून दूर. "तिसऱ्या ओळीत काय लिहिलंय?" असं वर्गात विचारता येतं, हा क्रमांकाचा मोठा फायदा आहे. पण क्रमांक समासात, लहान आकारात आणि कोडपासून तीन-चार मिलिमीटर लांब हवेत. चिकटून छापले तर मुलं क्रमांकासकट टाइप करतात.

आता रंग : पडद्यावर छान, झेरॉक्सवर गायब

संगणकाच्या पडद्यावर कोड रंगीत आणि सुंदर दिसतो. पण आपली कृतिपत्रिका बहुतेक वेळा काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सवर जाते. तिथे प्रत्येक रंगाचा राखाडी होतो. कोणत्या रंगाचा किती गडद राखाडी होईल याचा अंदाज गणिताने काढता येतो. पडद्यावरचा प्रत्येक रंग लाल, हिरवा, निळा या तीन आकड्यांनी बनतो, प्रत्येक आकडा ० ते २५५. लाल आकड्याला ०.२९९ ने, हिरव्याला ०.५८७ ने आणि निळ्याला ०.११४ ने गुणून बेरीज करायची. उत्तर ० म्हणजे काळा, २५५ म्हणजे पांढरा.

काही रंग करून बघू :

- पिवळा (२५५, २५५, ०) : २२६. जवळजवळ पांढरा, कागदावर दिसणारच नाही.
- नारिंगी (२५५, १६५, ०) : १७३. फिका.
- हिरवा (०, १२८, ०) : ७५.
- विटकरी लाल (१८६, ३३, ३३) : ७९.
- गडद निळा (०, ०, १२८) : १५. जवळजवळ काळा.

हिरवा आणि विटकरी लाल बघा. पडद्यावर एकमेकांच्या अगदी विरुद्ध, झेरॉक्सवर ७५ आणि ७९, म्हणजे जवळपास एकच! आणि ही जोडी काल्पनिक नाही. कोड रंगवण्यासाठी खूप वापरल्या जाणाऱ्या 'पिगमेंट्स' या साधनाच्या मूळ रंगसंगतीत भाषेचे ठरलेले शब्द याच हिरव्यात आणि अवतरणातला मजकूर याच विटकरी लालमध्ये असतो. ठरलेले शब्द तिथे ठळकही केलेले असतात, म्हणून झेरॉक्सवर थोडंफार निभावतं.

हा हिशोब सातवी-आठवीच्या मुलांना दशांश गुणाकाराचं उदाहरण म्हणून द्या. गणिताचा सराव होतो आणि संगणकाचा धडाही.

लाल-हिरवा न ओळखणारं मूल

झेरॉक्सचा प्रश्न रंगीत छपाईने सुटेल, पण दुसरा एक प्रश्न त्यानेही सुटत नाही. काही मुलांना लाल आणि हिरवा यांतला फरक नीट कळत नाही. हा दोष जन्मजात असतो आणि एक्स गुणसूत्राशी जोडलेला असल्यामुळे मुलींपेक्षा मुलांमध्ये बराच जास्त आढळतो. त्या मुलाला स्वतःलाही हे माहीत नसतं, कारण जग त्याला पहिल्यापासून तसंच दिसत आलेलं असतं. "लाल शब्दांवर गोल करा" असं आपण म्हणतो आणि ते भलत्याच शब्दांवर गोल करतं. मग लक्ष नाही, ऐकत नाही असा शिक्का बसतो.

म्हणून दोन सवयी लावून घेऊ या. पहिली : सूचना कधीही फक्त रंगावरून देऊ नका. "लाल शब्द" म्हणण्याऐवजी "तिसऱ्या ओळीतला, अवतरणचिन्हातला शब्द" म्हणा. दुसरी : प्रत्येक रंगाला रंगाशिवायची एक खूण जोडा. आणि एखादं मूल रंगांच्या कृतीतच वारंवार गोंधळतं असं दिसलं, तर पालकांनी त्याला रागावण्याआधी नेत्रतज्ज्ञांना दाखवावं.

स्क्रॅचमध्ये ही काळजी घेतलेली आहे. तिथे हालचालीचे ठोकळे निळे, नियंत्रणाचे नारिंगी, गणिती क्रियांचे हिरवे असतात, पण आकारही वेगळे असतात. सुरुवात करणारा ठोकळा वरून गोलसर टोपीसारखा, पुन्हापुन्हा करायला लावणारा ठोकळा कंसासारखा इतर ठोकळ्यांना पोटात घेणारा. काळ्या-पांढऱ्या कागदावरही आकारावरून ओळख पटते. छापील पायथॉन कोडमध्ये आकार नसतो, म्हणून ती खूण आपल्याला द्यावी लागते.

तीन रंग पुरेत

प्राथमिक शाळेच्या कृतिपत्रिकेसाठी मी तीनच रंग सुचवते :

- भाषेचे ठरलेले शब्द (इफ, एल्स, फॉर) : गडद निळा आणि ठळक. रंग गेला तरी ठळकपणा राहतो.
- अवतरणातला मजकूर : विटकरी लाल. त्याची रंगाशिवायची खूण म्हणजे अवतरणचिन्हं, ती आधीच आहेत.
- टीप, म्हणजे हॅशच्या चिन्हापुढचा मजकूर : मध्यम राखाडी. खूण म्हणजे ते हॅशचं चिन्ह.

बाकी सगळं काळं. राखाडी फार फिका घेऊ नका. वेबसाठी २००८ साली आलेल्या सुगम्यतेच्या नियमावलीत साध्या मजकुराचा आणि पार्श्वभूमीचा उजेडफरक किमान ४.५ : १ असावा असं म्हटलं आहे. पांढऱ्यावर राखाडी वापरताना तीनही आकडे ११८ किंवा त्याहून कमी असतील तर हे प्रमाण पाळलं जातं. झेरॉक्ससाठी मी ९० च्या आसपास ठेवते, कारण प्रतीची प्रत काढताना फिकटपणा वाढतच जातो.

टिपा तिरप्या अक्षरात छापायची पद्धत इंग्रजीत आहे. मराठी टिपांना ती लावू नका. बहुतेक देवनागरी फॉन्टमध्ये तिरपा प्रकार वेगळा काढलेला नसतो, संगणक सरळ अक्षर नुसतं कलतं करतो आणि मात्रा वाकड्या दिसतात.

पार्श्वभूमीला रंग देण्यापेक्षा डावीकडे एक उभी रेघ द्या. फिक्या पार्श्वभूमीचे झेरॉक्सवर बारीक काळे ठिपके होतात आणि पूर्णविराम, स्वल्पविराम त्यांत हरवतात. काळ्या पडद्याचा स्क्रीनशॉट छापणं तर टाळाच. टोनर भरपूर जातो आणि अक्षरं बुजतात.

वर्डमध्ये किंवा लिब्रेऑफिसमध्ये करताना

'कोड' नावाची एक परिच्छेद-शैली एकदाच बनवा. तिच्यात फॉन्ट, आकार, ओळींचं अंतर, डावा समास आणि डावीकडची रेघ ठरवा. पुढच्या वेळी फक्त ती शैली लावायची. ती बनवताना चार गोष्टी बघा :

- ओळींचं अंतर 'एक्झॅक्टली' किंवा 'फिक्स्ड' असं बांधून टाकू नका. त्याने वेलांट्या आणि रफार वरून कापले जातात. 'मल्टिपल' किंवा 'प्रपोर्शनल' घ्या.
- वर्डमध्ये देवनागरीसाठी फॉन्ट आणि आकार 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स' या वेगळ्या रकान्यात असतो. तिथेही आकार भरा, नाहीतर इंग्रजी बारा पॉइंट आणि मराठी दहा असं दिसतं.
- अवतरणचिन्हं आपोआप वळणदार करण्याची सोय बंद करा. वळणदार चिन्हं पायथॉनला समजत नाहीत. फाइल मोबाइलवर पाठवली आणि कोणी त्यातून कोड कॉपी केला तर तो चालत नाही. ओळीचं पहिलं अक्षर आपोआप मोठं करण्याची सोयही बंद हवी.
- या शैलीसाठी शुद्धलेखन तपासणी बंद ठेवा, म्हणजे लाल नागमोडी रेघा येणार नाहीत.

लॅटेक्स वापरणाऱ्यांसाठी

काही शिक्षक गणिताच्या प्रश्नपत्रिकांसाठी लॅटेक्स वापरतात. त्यात कोडसाठी दोन पॅकेजेस प्रसिद्ध आहेत : 'लिस्टिंग्ज' आणि 'मिंटेड'. लिस्टिंग्ज इंग्रजी कोडसाठी चांगलं आहे, पण देवनागरी अक्षरं आली की त्यांचा क्रम आणि मात्रा बिघडतात. मराठी मजकूर असलेल्या कोडसाठी झीलॅटेक्स किंवा लुआलॅटेक्सबरोबर मिंटेड घ्या. ते रंगांसाठी वर सांगितलेलं पिगमेंट्स वापरतं.

मिंटेडमध्ये उपयोगी पडणारे पर्याय असे (नावं इंग्रजी अक्षरांत, सलग लिहायची) : रंगसंगतीसाठी 'स्टाइल', ओळींच्या अंतरासाठी 'बेसलाइनस्ट्रेच' (१.३ देऊन बघा), डाव्या रेघेसाठी 'फ्रेम' ची किंमत 'लेफ्टलाइन', रेघ आणि कोड यांतल्या अंतरासाठी 'फ्रेमसेप', क्रमांकांसाठी 'लाइननोज', क्रमांकांच्या अंतरासाठी 'नंबरसेप', डाव्या समासासाठी 'एक्सलेफ्टमार्जिन'. झेरॉक्ससाठी 'बीडब्ल्यू' नावाची तयार काळी-पांढरी संगती आहे. तिच्यात ठरलेले शब्द ठळक असतात. मजकूर आणि टिपा मात्र तिरप्या होतात, म्हणून मराठी मजकूर जास्त असेल तर ती आधी छापून बघा.

लिस्टिंग्ज वापरत असाल तर दोन गोष्टी बदला. अवतरणातल्या स्पेसच्या जागी ती एक विचित्र खूण छापतं, ती 'शोस्ट्रिंगस्पेसेस' बंद केल्यावर जाते. अक्षरं विस्कटलेली दिसत असतील तर 'कॉलम्स' ला 'फुलफ्लेक्सिबल' द्या.

लॅटेक्स शिकायचं असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल उपक्रमातली लॅटेक्सची मालिका विनामूल्य आहे.

छापण्यापूर्वी पाच मिनिटांची तपासणी

१. एक प्रत काळ्या-पांढऱ्यात काढा आणि त्या प्रतीची पुन्हा झेरॉक्स काढा. मुलांच्या हातात तीच येणार आहे.
२. हात लांब करून कागद धरा. कोणत्या ओळी आत सरकलेल्या आहेत हे लगेच कळतंय का?
३. ठरलेले शब्द, मजकूर आणि टीप रंगाशिवाय ओळखता येतात का?
४. एखादी ओळ मोडून पुढे गेली आहे का?
५. कागदावरचा कोड बघून स्वतः टाइप करा आणि चालवा. फाइलमधून कॉपी करू नका, कागदावरूनच टाइप करा.

पालकांनो, तुम्हाला कोडिंग येत नसलं तरी यातली दुसरी तपासणी घरी सहज करता येते. मुलाला विचारा, "यातल्या कोणत्या ओळी आत आहेत? त्या आत का आहेत?" त्याला उत्तर देता आलं तर कोडचा अर्धा अर्थ त्याला कळला आहे. आणि कागदावर ते दिसतच नसेल तर कागद घेऊन शिक्षकांना जरूर भेटा. चांगली कृतिपत्रिका मुलाच्या हातात पडणं ही आपल्या दोघांचीही जबाबदारी आहे.

पुढच्या आठवड्यात एखादी कृतिपत्रिका छापणार असाल, तर आधी तीनच रंग ठेवून आणि ओळींचं अंतर सव्वापट करून बघा. वर्गात मुलं बोट ठेवून कशी वाचतात तेवढं फक्त बारकाईने पाहा. आणखी काय बदलायला हवं ते त्यावरूनच कळेल.